हॉल, घरफाळ्याची पावती आणि रविवारची उपासना

जून २०२५ मध्ये आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या नव्या चर्चची, पहिली निवडणूक झाली. हात वर करून मतं मोजली, नवी कार्यकारिणी ठरली आणि खजिनदाराचं दप्तर मी दुसऱ्या ताईंच्या हवाली केलं. आता लिहायला हरकत नाही. गडहिंग्लज आणि इचलकरंजीकडच्या ओळखीच्यांचे फोन येतात, "ताई, नवीन चर्च काढायचं म्हणजे नेमकं कुठनं सुरू करायचं?" फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहतं, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते. मी वकील नाही, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. फॉर्म आणि फी बदलत असतात, त्यामुळे आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या.

कोल्हापुरात ख्रिस्ती माणूस काही नवा नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आजही भरतं. मिरजेच्या वानलेस या मिशन हॉस्पिटलात जन्मलेली माणसं तर आमच्या प्रत्येक घरात सापडतील. मग नवी मंडळी कशाला? हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त आमच्याच लोकांनी विचारला, आणि तो रास्तच होता.

उत्तर साधं आहे. आमची घरं पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी या बाजूला. घर बांधायला परवडेल अशी जागा दक्षिणेलाच मिळत गेली, म्हणून माणसं इकडे सरकली. जुनी चर्चेस राहिली शहरात. रविवारी बस कमी, रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे-दोनशे रुपये. म्हाताऱ्या माणसांचं येणं बंद झालं आणि पोरांचं तर नकळत सुटलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चर्चेस बंद झाली, तेव्हा आम्ही आसपासची कुटुंबं आधी फोनवर आणि मग नियम सैल झाले तसे एकमेकांच्या गच्चीवर प्रार्थनेला जमू लागलो. ७ ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. आम्ही रविवारी शहरात जायला लागलो, पण बुधवारची गच्चीवरची प्रार्थना कुणीच बंद करायला तयार नव्हतं. उलट तिथे माणसं वाढत होती.

२०२२ चा ईस्टर १७ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी बैठक झाली. निवृत्त झालेले एक पाळक (पास्टर) आमच्या भागात राहायला आले होते. ते म्हणाले, "नवी मंडळी काढा, पण आधी जुन्या मंडळीला तोंडावर सांगा. तिसऱ्याकडून कळलं तर ती जखम भरत नाही." आम्ही जुन्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीकडे लेखी अर्ज दिला आणि सभासदत्व बदलीचे दाखले मागितले. कमिटीच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी आवाज चढले. कमिटीतल्या एका वडिलांनी (एल्डरनी) विचारलं, "आम्ही काय कमी केलं तुम्हाला?" याला उत्तर नव्हतं, कारण त्यांनी काहीच कमी केलेलं नव्हतं. माझ्या लग्नाची नोंद त्याच चर्चच्या रजिस्टरात आहे, मुलाच्या बाप्तिस्म्याचीही. शेवटी दाखले मिळाले. मिळेपर्यंत मे महिना सरला.

माझ्या सासूबाईंनी दाखला घेतलाच नाही. "तुम्ही जावा. माझी जागा तिथं खिडकीजवळ हाय," म्हणाल्या. तेव्हापासून दर रविवारी माझे यजमान आधी त्यांना शहरात सोडतात, मग आमच्याकडे येतात, उपासना संपली की पुन्हा त्यांना आणायला जातात. पेट्रोल वाचवायला म्हणून नवी मंडळी काढणाऱ्या आमच्या घरात रविवारचं पेट्रोल दुप्पट झालं. ही गोष्ट सासूबाई पाहुण्यांना हसून सांगतात.

१२ जून २०२२ ला स्थापनेची सभा झाली. तिचा सविस्तर इतिवृत्तान्त लिहा, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. हाच कागद पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो. त्या सभेत सगळ्यात लांबलेली चर्चा होती ट्रस्ट करायचा की संस्था. नुसता ट्रस्ट केला तर विश्वस्तपत्रात जसं लिहाल तसं चालतं. अनेक ठिकाणी विश्वस्त तहहयात असतात आणि पुढे घरातच पद फिरतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था केली तर किमान सात सभासद लागतात, सर्वसाधारण सभा भरते, निवडणूक होते. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, म्हणजे काम दुप्पट. तरी आम्ही संस्थाच निवडली. माणसं वेगवेगळ्या मंडळ्यांतून आलेली, नव्याने एकमेकांना ओळखू लागलेली. मत देता येतं म्हटल्यावर बऱ्याच जणांची धाकधूक कमी झाली. एका घरातला एकच माणूस कार्यकारिणीत, हा नियम तिथेच घातला. माझं नाव आलं म्हणून यजमान बाहेर राहिले. त्यांना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

बाप्तिस्म्याचा प्रश्नही त्याच सभेत निघाला. काही घरं लहान बाळांचा बाप्तिस्मा करणारी, काही घरं मोठेपणी पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा मानणारी. दोन्ही बाजूंकडे बायबलमधली वचनं पाठ. रात्री साडेदहाला पाळकांनी सगळ्यांना चहा प्यायला लावला आणि म्हणाले, दोन्ही पद्धती ठेवू, ज्याने त्याने घरात ठरवावं. नियमावलीत तसंच लिहिलं. ज्यांना हे पटलं नाही अशी दोन कुटुंबं आली नाहीत. अजूनही रस्त्यात भेटली की सलाम होतो, बोलणं होतं.

आता जागा. मंगल कार्यालय दर रविवारी परवडत नाही, शाळा सुट्टीच्या दिवशी वर्ग द्यायला का-कू करतात. शेवटी पाचगावात दुकानगाळ्यांच्या वरचा एक हॉल मिळाला. मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा. त्यांनी भाड्याआधी एकच विचारलं, "तुम्ही नक्की काय करनार हाय ते एकदा सांगून टाका. मागनं कुणी इचारलं तर मला सांगता आलं पायजे." आम्ही सांगितलं, रविवारी सकाळी उपासना, बुधवारी संध्याकाळी प्रार्थना, मुलांची संडे स्कूल, नाताळ आणि ईस्टरला जेवण. "मटण?" अण्णांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं. "मग मला बी बोलवा."

भाडं महिना ७,५०० रुपये, अनामत ४०,०००. भाडेकरार नोंदवूनच करा. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, त्यामुळे आमचं हजाराच्या आतच भागलं. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये, शहरात १,००० असते. एजंट यंत्र घेऊन घरी आला, अंगठे घेऊन गेला, त्याचे वेगळे १,५००. करारात जागेचा वापर कशासाठी, ती ओळ बारकाईने वाचा. छापील नमुन्यात 'व्यापारी वापर' असतं. आम्ही तिथे 'प्रार्थना व धार्मिक कार्यक्रम' असं लिहून घेतलं. पुढे पोलीस ठाण्यात हीच ओळ दाखवावी लागली. संस्था अजून जन्मली नव्हती म्हणून पहिला करार पाळकांच्या नावे केला.

मग खुर्च्या. मंडपवाल्याकडून जुन्या प्लास्टिकच्या ६० खुर्च्या घेतल्या, २२० रुपयांना एक. हार्मोनियम आणि ढोलकी घरचीच होती. उपदेशासाठी उभं राहायचं लाकडी व्यासपीठ सुताराने ४,५०० रुपयांत करून दिलं. महिला मंडळाने मेजावरचा पांढरा कपडा शिवला, कडेला क्रूस भरला. प्रभुभोजनासाठी, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीसाठी, द्राक्षरस लागतो. हंगामात तासगावकडची काळी द्राक्षं आणून घरीच रस काढतो, एरवी काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून गाळून घेतो. बाटलीतलं सरबत आणू नका, पोरं पेल्यासाठी भांडतात.

३ जुलै २०२२, पहिला रविवार. पाऊस होता. जिन्यात छत्र्यांचं तळं झालं आणि अण्णांनी स्वतः पोतं आणून टाकलं. पहिली उपासना म्हणजे अंगावर काटा येईल, डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी पूर्ण वेळ किती खुर्च्या रिकाम्या आहेत, पंख्याचा आवाज माइकवर येतोय का आणि चहाचं दूध पुरेल का हेच बघत होते. अर्पण १,८६० रुपये जमलं. दोघांनी मोजलं, दोघांनी सह्या केल्या.

हे पुढेही बरेच महिने चाललं. गाणं सुरू झालं की मला विजेच्या बिलाची तारीख आठवायची. घरी बायबल उघडावं तर त्यात पावतीपुस्तकाचा कार्बन सापडायचा. एकदा पाळकांना म्हटलं, "पास्टर, चर्च सुरू केल्यापासून माझी प्रार्थनाच होत नाही." मला वाटलं धीर देतील. ते म्हणाले, "मग पुढचे दोन रविवार हिशेब दुसऱ्याकडे द्या आणि मागच्या रांगेत बसा." मी बसले. दुसऱ्या रविवारी थोडं लागलं मन. तेव्हापासून नियमच केला की महिन्यातून एक रविवार कुणाकडेही काम नसायचं, आळीपाळीने. नवी मंडळी सुरू करणाऱ्यांना हा नियम पहिल्या महिन्यापासून करा असं आवर्जून सांगेन. कामाची चार माणसं सगळीकडे तीच असतात आणि तीच आधी थकतात.

नोंदणीचा अर्ज ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, मग कागदांचा संच कार्यालयात द्यायचा. संस्थेचं नाव आधी तपासून घ्यायचं, पर्यायी नावं तयार ठेवायची. ज्ञापन (संस्थेचे हेतू लिहिलेला कागद), नियमावली, सगळ्यांची संमतीपत्रं, ओळखपत्रं, शपथपत्र, कोर्ट फी स्टॅम्प. शिवाय संस्थेच्या पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र, घरफाळ्याची (घरपट्टीची) पावती आणि लाइट बिल. अण्णांचा घरफाळा थकलेला होता. त्यांनी आमच्यासाठी म्हणून तो भरला आणि नंतर ग्रामपंचायतीत सगळ्यांना सांगत फिरले की चर्चमुळे माझा घरफाळा भरून झाला.

आमच्या लोकांत नावांचा घोळ फार. शाळेच्या दाखल्यावर याकोब, आधारवर जेकब. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मरिया, बँकेत मेरी. अर्ज करण्याआधी सातही जणांचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं शपथपत्र आधीच करून ठेवा. आम्ही ते केलं म्हणून त्यावर अडलं नाही. कार्यालयाने त्रुटी काढल्या त्या दुसऱ्या: संस्था उद्या बंद झाली तर मालमत्ता कुणाकडे जाणार ते कलम नीट लिहा, आणि खुर्च्या-वाजंत्रीची किमतीसह यादी जोडा. खिडकीवरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन पेन्सिलीने खुणा करून दाखवल्या. संस्था मोडली तर तिची मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नसते, ती तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला द्यायची असते. नाताळच्या आधी आपल्या मरणाची तजवीज लिहिल्यासारखं वाटलं, पण त्या एका कलमाने पुढचे केवढे वाद वाचतात ते जुन्या मंडळ्यांच्या कोर्टकज्ज्यांत पाहिलेलं आहे.

संस्थेचं प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळालं. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंद एप्रिल २०२३ मध्ये, ईस्टर झाल्यावर. मधे चौकशी होते, तारीख पडते, अध्यक्ष किंवा सचिवाला हजर राहावं लागतं. वकिलाची फी सगळी मिळून १८,००० झाली. सरकारी खर्च त्यामानाने किरकोळ. मग संस्थेच्या नावे पॅन आणि जूनमध्ये बँक खातं, तिघांपैकी दोघांच्या सह्यांचं.

खातं उघडेपर्यंत अर्पणाचं काय करायचं यावर तरुण संघ आणि आम्ही यांच्यात जुंपली होती. पोरांचं म्हणणं, कुणाच्या तरी मोबाइलचा क्यूआर कोड लावा, आजकाल सुटे पैसे कोण आणतंय. मी ठाम नाही म्हटलं. दानाचा पैसा कुणाच्या वैयक्तिक खात्यात एक दिवसही नको. वर्षभर पेटी, वही आणि दोन सह्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या महिन्याचा जमाखर्च दारावर लावायचा: भाडं, वीज, पाळकांचं मानधन ८,०००, चहा-साखर, शिल्लक. पतसंस्थेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं की लोक पैशाच्या कमतरतेने पळत नाहीत, हिशेब न दिसल्याने पळतात.

पैशाबद्दल आणखी दोन गोष्टी. देणगीदार विचारतात, ८० जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत मिळेल का? निव्वळ धार्मिक संस्थेला ती मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आमच्या वेळी ती १२ एखाली होती. आमची तात्पुरती नोंदणी ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, ती तीन वर्षांची असते. दुसरं, परदेशातला पैसा. एका सभासदाचा भाचा दुबईत आहे, भारतीय पासपोर्टवर. त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. दुसऱ्यांच्या बहिणीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय. तिचे पैसे घ्यायला केंद्र सरकारची परदेशी देणगीची नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नाही. रक्कम छोटी होती, प्रेमाने दिलेली होती, तरी नम्रपणे परत केली. ताई आठवडाभर रुसल्या.

कागद सोडून गल्लीकडे येते. २०२२ चा गणेशोत्सव आमच्या हॉलच्या खालीच. ४ सप्टेंबरच्या रविवारी आम्ही वर, मंडळ खाली. शनिवारी रात्री मंडळाची पोरं आली. "वहिनी, किती वाजता संपतंय तुमचं? तवर आमचा स्पीकर बंद ऱ्हातोय." आम्ही अकराला संपवलं. निघताना त्यांनीच विचारलं, महाप्रसादाला खुर्च्या मिळतील का? तेव्हापासून आमच्या खुर्च्या गल्लीच्या झाल्या. बारसं, पंगत, सभा, सगळीकडे जातात. पाठीवर लाल रंगाने क्रूस काढून ठेवलाय म्हणून परत येतात.

सगळं इतकं गोड नव्हतं. एका बुधवारी बाहेरून आलेली काही तरुण माणसं जिना चढून आली. इथे कुणाचं धर्मांतर चाललंय, रजिस्टर दाखवा, पोरं कुणाची आहेत. माझे पाय कापत होते हे खरं सांगते. पाळकांनी खुर्च्या पुढे केल्या, बसा म्हणाले. एक गीत होईपर्यंत ती बसली, मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि निघून गेली. पुढचा आठवडा कुणाला झोप नव्हती. दोन कुटुंबांनी पोरांना आणणं बंद केलं, ती ईस्टरला परतली.

तेव्हा कामाला आले ते आधी दिलेले कागद. जुलैतच पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला आम्ही माहितीपत्र दिलं होतं: अमुक जागी, अमुक वेळी, अंदाजे इतकी माणसं, बाहेर ध्वनिक्षेपक नाही. त्याची शिक्का मारलेली पोच भिंतीवर फ्रेम करून लावली आहे. ठाण्यातून विचारणा झाली तेव्हा पोच आणि भाडेकरार दाखवला, विषय तिथे थांबला. अण्णांना कुणीतरी फोन केला होता. ते म्हणाले, "मला काय करत्यात ते म्हाईत हाय. मी जेवून आलोय तिथं." मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा करायचा असेल तर त्याच्या हस्ताक्षरातला अर्ज घेतो. अठराच्या आतलं कुणी असेल तर आई-वडील दोघांची लेखी संमती. आमच्याकडच्या गिरगावच्या (मुंबईच्या नव्हे) बाजूला एका सभासदाच्या शेतातल्या टाकीत बाप्तिस्मे झाले, तेही भर सकाळी, नातेवाइकांसमोर. आवाजाचं म्हणाल तर रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. आम्ही हॉलमध्ये एकच छोटा स्पीकर ठेवला, खिडक्यांकडे पाठ करून.

२०२२ चा नाताळ नेमका रविवारी आला. आदल्या आठवड्यात कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, घरोघर. बेकरीत डबे नेऊन केक आणि नानकटाई भाजून आणली, करंज्या आणि शंकरपाळ्या महिला मंडळाने केल्या. गल्लीत प्रत्येक घरी एक ताट दिलं. आम्हाला वर्षभर दिवाळीचं, ईदचं येतच असतं. दुपारी तांबडा-पांढरा. अण्णा आले, सोबत नातू आणि जावई. सासूबाईही आल्या, "जेवणापुरतं" असं सांगून, आणि दुपारी शेवटच्या गाण्यापर्यंत बसल्या.

लग्न लावण्याचा अधिकार वेगळा असतो, हे बऱ्याच नव्या मंडळ्यांना उशिरा कळतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे कुणीही पास्टर म्हणवणारा लग्न लावू शकत नाही. एकतर त्याला बिशपच्या हातची रीतसर दीक्षा हवी किंवा सरकारचा परवाना. आमच्या पाळकांची कागदपत्रं जुन्या संस्थेतली, त्यावर वकिलांचं एकमत होईना. तेव्हा आमच्या मंडळीतलं पहिलं लग्न आम्ही जुन्या चर्चमध्ये, तिथल्या पाळकांच्या हस्ते लावलं आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ इकडे केला. वधूच्या आईला थोडं वाईट वाटलं. पण लग्नाच्या दाखल्यावर पुढे पासपोर्ट, वारसा, सगळं अवलंबून असतं, तिथे भावनेला बाजूलाच ठेवावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्यातल्या एक आजी वारल्या. गच्चीवरच्या प्रार्थनेपासून आमच्यात होत्या. रोज एका घरी फोन करायच्या, "सलाम. आज कुणासाठी प्रार्थना करू?" असं विचारायच्या. त्या गेल्याचं कळलं तेव्हा रडण्याआधी माझ्या डोक्यात आलं, पुरायचं कुठे? आमच्याकडे दफनभूमी नाही. ज्या आहेत त्या जुन्या चर्चेसच्या ताब्यात, सभासदांसाठी. आजींनी दाखला आणलेला, म्हणजे त्या तिथल्या सभासद उरलेल्या नव्हत्या.

मी आणि यजमान रात्री जुन्या चर्चच्या पंचांकडे गेलो. ज्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी "आम्ही काय कमी केलं" विचारलं होतं, त्यांनीच दार उघडलं. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "त्यांच्या मालकांची कबर तिथंच हाय. त्यांना दुसरीकडं कुठं नेणार तुम्ही?" सकाळी सातला खणणारे लोक हजर होते. दफनविधी दोन्ही पाळकांनी मिळून केला. जुन्या मंडळीच्या गायकांनी गीत उचललं आणि आमच्याकडच्या ढोलकीवाल्याने ढोलकी काखेत मारून नुसतं गायलं. मी त्या दिवशी खूप रडले, आजींसाठी आणि २०२२ च्या त्या बैठकीसाठीही.

त्यानंतर दोन्ही कमिट्यांनी बसून दफनभूमीच्या वापराचं पत्र केलं. जागेची फी ठरली, देखभालीत आमचा वर्षाचा वाटा ठरला. नवी मंडळी काढताना हे पत्र पहिल्या वर्षीच करून घ्या. माणूस घरी वारला तर डॉक्टरांचा दाखला लगेच घ्या आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, उशीर झाला की फेऱ्या वाढतात.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा आमच्या उंचावरच्या हॉलचा उपयोग झाला. शिरोळकडच्या नातेवाइकांची सामानाची बोचकी आठवडाभर तिथे होती आणि रविवारची उपासना बोचक्यांच्या मधे झाली. संडे स्कूलची पोरं त्यावर चढून बसली.

आत्ताची स्थिती अशी. निवडणूक झाली की कार्यकारिणीतल्या बदलाचा अहवाल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आमचा तयार आहे, राजीनामे आणि संमतीपत्रं जोडून झाली. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर व्हायला हवं. सीएकडे वह्या दिल्या आहेत, त्यांची फी ६,०००. जुना भाडेकरार संपला, नवा या वेळी संस्थेच्या नावे केला, भाडं ८,५०० झालं. स्वतःच्या जागेची बोलणी कधीमधी निघतात. त्याला बिगरशेती आदेश, बांधकाम परवानगी, धार्मिक बांधकामासाठी जिल्हा प्रशासनाची मंजुरी असं सगळं लागतं, आणि पैसा तर लागतोच. नव्या खजिनदार ताईंना मी सांगितलंय, त्याचा विचार लेखापरीक्षण झाल्यावर करा. डिसेंबरात अण्णांच्या नातवाचं लग्न आहे आणि त्यांना हॉल पाहुण्यांसाठी हवाय, तेव्हा ते दोन रविवार आम्ही पुन्हा गच्चीवर. सतरंज्या कुणाच्या घरून आणायच्या याची यादी सुरू झाली आहे.